मालनची खुर्ची

पहिल्या दिवशी बायका गावच्या सभागृहात आल्या, भिंतीला पाठ लावून मांडलेल्या खुर्च्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि प्रत्येक जण एकेका खुर्चीसमोर खाली फरशीवर बसली.

“आगं, खुर्च्या कशाला मांडल्यात मी?” मी विचारलं.

“कुणी पावणं येणार असतील,” अंजिरा म्हणाली.

“पावण्या तुमीच. उठा, वर बसा.”

कुणी हललं नाही. मालननं पदर पुढे ओढला. अंजिरानं मानेनं खिडकीकडे खूण केली. खिडकीबाहेर देवळाचा कट्टा होता. कट्ट्यावर रोजची म्हातारी माणसं बसली होती, आणि मधोमध, काठीवर हनुवटी टेकून, आबा. आबा म्हणजे मालनचे थोरले दीर. सगळा गाव त्यांना आबाच म्हणायचा.

मग माझ्या ध्यानात आलं. आमच्या गावात सासरा, थोरला दीर किंवा भावकीतला जाणता माणूस नजरेच्या टप्प्यात असला की बाई खुर्चीवर बसत नाही. तसं कुणी सांगत नाही, बसली तर कुणी रागावेल असंही नाही. पाय आपोआप दुमडतात आणि बाई खाली बसते.

मी खिडकी लावून घेतली.

“आता बसा.”

पण बसायचं तर आधी उठायला हवं होतं, आणि घोटाळा तिथंच होता. अंजिरानं शेजारणीचा खांदा धरला तर ती शेजारणच कलंडली. एकीनं खुर्चीचा पाय धरला, खुर्ची तिच्या अंगावर आली. मालन फरशीवर दोन्ही हात टेकून तशीच थांबली. मी काखेत हात घालून तिला वर काढलं.

“उठायला शिकायला आलो, आन् पयल्याच दिवशी फसवलंस आक्का,” अंजिरा म्हणाली.

सगळ्या हसल्या. मालन हसली नाही. बाकीच्यांना गुडघे थोडे मोकळे झाले तर हवे होते. मालनला घर राखायचं होतं.

आमचं गाव खानापूरच्या माळावरचं. इथला तरणा माणूस सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेला. त्या धंद्याला आम्ही गलाई म्हणतो. सोनाराकडची मोड घ्यायची, भट्टीत गाळायची, तेजाबात घालायची आणि चोख सोनं वेगळं काढायचं. माझा मालक कानपूरला होता. दुकानावरच्या पोरांना भाकरी थापून घालण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तो गेल्यावर मी गावी आले. ज्यांचे धंदे चालले त्यांनी गावात बंगले बांधले, आणि त्या बंगल्यांत राहायला उरलो आम्ही म्हातारी माणसं.

गुडघ्यांनी धरलं तेव्हा मी सांगलीला लेकीकडे जाऊन राहिले. तिथे बागेशेजारच्या हॉलमध्ये गोगटेबाई म्हणून एक होत्या. त्या आमच्यासारख्यांना खुर्चीवर बसून योगासनं शिकवायच्या. मी नातवंडांबरोबर पाटी घेऊन अक्षरं शिकले ती पन्नाशी उलटल्यावर, त्यामुळे नवीन काही शिकायची लाज माझी आधीच मोडली होती. मी रोज जाऊ लागले. माझं मला उठता येऊ लागलं, मग गोगटेबाईंच्या हाताखाली दुसऱ्यांना दाखवू लागले. एक दिवस त्याच म्हणाल्या, “हौसाबाई, इथं माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. तुमच्या गावात कोण आहे?”

म्हणून मी परत आले आणि सभागृहात खुर्च्या मांडल्या.

मालन पडली होती ती मी परत आल्यावर, खुर्च्या मांडायच्या थोडं आधी, परसात, पाण्याच्या टाकीजवळ. हाड मोडलं नव्हतं, फार लागलंही नव्हतं. फक्त उठता येत नव्हतं. सकाळी पडली ती उन्हं कलली तरी तिथंच होती. मी ताक मागायला गेले म्हणून सापडली. दंडावर मुंग्या चढल्या होत्या. मी तिला बसती केली तर पाणीसुद्धा न मागता म्हणाली, “अधिकला सांगू नकोस.”

मी सांगितलं नाही. पण गावात फोन करणारे काय कमी असतात? मदुराईहून तिचा लेक अधिक तिसऱ्या दिवशी दारात हजर.

“आई, पिशवी भर. घराला कुलूप लावायचं.”

“मी न्हाई येणार.”

“परत पडलीस तर कोण उचलणार?”

“हौसाक्का हाय की.”

“आक्कास्नीच उचलायला माणूस लागंल.”

“मला कुणी उचलावं लागत न्हाई,” मी म्हणाले आणि त्याच्या समोर खुर्चीवरून हात न लावता उठले. परत बसले. परत उठले. “तुझ्या आईलाबी येईल. दम धर जरा.”

अधिक पोरगा वाईट नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

“बरं. चैतात जत्रेला मी येणार. तवर खुर्चीवरनं कुणाचा हात न धरता उठून दाखव. न्हाई जमलं तर गपगुमान गाडीत बसायचं.”

“आन् जमलं तर?” मालननं विचारलं.

“तर कुलपाचं नाव काढणार न्हाई.”

“शब्द?”

“शब्द.”

निघताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “आक्का, अवेळी फोन वाजला की गावाकडचा हाय का, ह्येच आदी बघतो. तुमास्नी वाटत आसंल मी आईला ओढून नेतोय.”

“मला तसं वाटत न्हाई,” मी म्हणाले. खरंच वाटत नव्हतं.

मालन मदुराईला एकदा राहून आली होती. खाली दुकान, वर भट्टी, त्याच्यावर खोली. तेजाबाचा वास भिंतींत मुरलेला. सून दिवसभर कामात, नातवंडं शाळेत, आणि गल्लीत कुणाचं बोलणं कळायचं नाही. मला म्हणाली होती, “जेवाय मिळायचं, औषीद मिळायचं. पर आक्का, माझ्या नावानं हाक मारणारं कुणी न्हाई गं तिथं. शेवटी शेवटी मी ताटवाट्यांसंगट बोलाय लागले.”

तर असं होतं. चैत्रातली जत्रा, आणि हातात एक हिवाळा.

सभागृहातल्या फरशीवर प्लास्टिकच्या खुर्च्या सरकतात आणि त्यांचे पाय फाकतात. म्हणून मी बंद पडलेल्या शाळेतल्या लाकडी खुर्च्या मागून आणल्या. सुरुवात बसण्यापासून. पाठ टेकायची नाही, तळपाय जमिनीला, गुडघे पायांच्या वर. एवढ्यानंच बायकांना घाम फुटला.

“नुसतं बसायचं तर एवढं दुखतंय,” अंजिरा म्हणाली, “मग आसन कुठलं?”

“हेच आसन.”

“ह्येला आमी बसणं म्हणतो बाई.”

मग श्वास घेत हात वर, सोडत खाली. घोटे फिरवायचे. खुर्चीची पाठ धरून एकदा ह्या बाजूला वळायचं, एकदा त्या. पुढं वाकून पोट मांड्यांवर टेकवायचं आणि मान सोडून द्यायची. पहिल्यांदा मान सोडायला सांगितलं तेव्हा कुणाचीही मान सुटली नाही. डोक्यावरून एवढी वर्षं भारे वाहिलेल्या माना, त्या ताठच राहायच्या. पंधरवड्यानं एक दिवस मालनची सुटली. ती तशीच वाकून राहिली, आणि मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, “जरा ऱ्हाऊ दे आशीच.”

उठणं मात्र तिला जमेना. पाय पुढे टाकून ती कंबरेनं हिसका द्यायची आणि धप्पकन परत बसायची. तिथं बळाचं काम नव्हतं.

“पाय मागं घे,” मी सांगायची. “आजून मागं, खुर्चीखाली. आता फुडं वाक. नाक पायाच्या अंगठ्याच्या फुडं गेलं पायजे. मग ढुंगान आपणहून उचलतं.”

“माझं न्हाई उचलत.”

“तू श्वास कोंडतीस म्हणून. भारा डोक्यावर घेताना काय करायचीस?”

मालन आठवायला लागली. तिच्या ओठांतून हवा सुटली, हूं करून, भारा उचलताना सुटते तशी. आणि ती उभी राहिली. मांड्यांवर हात टेकलेले होते, पण उभी राहिली.

“आरं तिच्या,” अंजिरा म्हणाली. “हे तर मला जलमापासनं येतंय.”

“मग उठ.”

अंजिरा उठली आणि परत बसली. “उद्या,” म्हणाली.

संक्रांत झाली तेव्हा मालन हात छातीवर दुमडून उठत होती. घरीही तिनं एक लाकडी खुर्ची नेली होती. सोप्यात, पुढच्या खोलीत, अधिकनं आणलेला सोफा होता, कागद न काढलेला. त्यावर ती कधी बसली नव्हती आणि मीही बसू दिलं नसतं. माणूस आत बुडायचा त्यात. ती लाकडी खुर्ची सोफ्यासमोर मांडून ती दुपारी उठबस करायची आणि मी उंबऱ्यावर बसून बघायची.

कधी मधेच आबा दारात यायचे. लगेच मालन खुर्चीवरून उतरून, पदर ओढून, आबा उभे म्हणून तीही भिंतीला उभी राहायची. लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हापासून आबांशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. आबाही तिच्याशी बोलले नव्हते. राग नव्हता, उलट तिचा मालक वारल्यावर आबांनीच तिच्या पोराला मार्गी लावलं होतं. पण थोरल्या दिराशी बोलायचं नाही म्हणजे नाही. दारात शेळी बांधलेली असायची. मालन शेळीकडे बघून म्हणायची, “आबास्नी म्हणावं, अधिकचा फोन आलता.” आबा शेळीकडे बघूनच म्हणायचे, “बरं झालं.” आणि काठी टेकत निघून जायचे.

एकदा तिनं मला विचारलं, “आक्का, खुर्चीवरनं उठतीया. पर पडल्यावर खुर्ची थोडीच आसती खाली? पडल्यावर कसं उठायचं?”

ते गोगटेबाईंनी मला शिकवलं होतं. मी तिच्या समोर सोप्यात आडवी झाले. कुशीवर वळायचं. हातांवर जोर देऊन गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपाशी जायचं. खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही तळवे, जो पाय बरा तो पुढं, आणि मग रोजचंच, वाकून श्वास सोडत उठायचं. मी उठून दाखवलं. तिनं एकदा करून बघितलं. गुडघ्यांवर आली आणि तिथंच तिला हसू फुटलं. “बया, रांगतीया मी म्हातारपणी,” म्हणत ती परत आडवी झाली. मग मीच तिला हात दिला. पुन्हा तिनं ते केलं नाही. अधिकनं खुर्चीवरनं उठायला सांगितलं होतं, जमिनीवरून नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी अधिक आला. दुसऱ्या दिवशी पालखी देवळात परत गेल्यावर आम्ही मालनच्या सोप्यात जमलो. आम्ही म्हणजे अधिक, मी, आणि बोलावलेलं नसताना आलेली अंजिरा. मालन आत चहा ठेवत होती. ती निर्धास्त होती. सकाळीच दोनदा उठून बघितलं होतं तिनं, मला खिडकीतून दिसलं होतं.

अधिकनं लाकडी खुर्ची सोप्याच्या मधोमध आणून ठेवली.

एवढ्यात काठीचा आवाज आला आणि आबा उंबऱ्यातून आत आले.

“मीच बोलावलं,” अधिक मला म्हणाला. “भावकीतलं थोरलं माणूस समोर असू दे. उद्या कुणी म्हणाय नको, पोरानं आईला एकटी टाकली.”

आबांनी सोफ्याकडे पाहिलं, मग मधोमध ठेवलेल्या खुर्चीकडे.

“आबा, सोफ्यावर बसा की,” अधिक म्हणाला.

“नगं. त्यात गेलो की मला काढाय चार माणसं लागतात,” आबा म्हणाले आणि मालनच्या खुर्चीवर बसले.

कोण सांगणार त्यांना उठा म्हणून? अधिकनं माझ्याकडे पाहिलं. मी अंजिराकडे. अंजिरा छताकडे बघू लागली.

“मी शेजारनं दुसरी आणतो,” अधिक पुटपुटला. तो दाराकडे वळला आणि तेवढ्यात मालन आतून आली. हातात ताटली, ताटलीत कपबश्या. तिनं नजर वर केली, समोर आबा दिसले. तिनं ताटली फळीवर ठेवली, एका हातानं पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीच्या कडेनं जमिनीवर बसली.

बसली, आणि मग तिला कळलं. तिचे हात फरशीवर पसरले. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

“आई,” अधिक म्हणाला, “खाली कशाला बसलीस?”

ती काही बोलली नाही. आबा होते ना समोर.

“आता कसं उठणार?”

तिनं पदर आणखी पुढे ओढला. अधिकनं ते पाहिलं. त्याचा आवाज खाली आला. “जाऊ दे आई. तू केलंस तेवढं केलंस. तुझी काय चूक न्हाई.” तो तिच्यापाशी गेला आणि तिच्या काखेत हात घालायला वाकला.

मी मधे गेले. “हात लावू नकोस.”

“आक्का, आता कशाला? दिसतंय की.”

“तिनं सांगितलं का तुला, उचल म्हणून?”

“ती काय सांगणार? आबा हायत हितं.”

“म्हणूनच म्हणते, मागं हो.”

तो मागे झाला. मी मालनकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला वाटलं असतं मी काही सांगतेय. मला काही सांगायचं नव्हतं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं ती काय करेल.

फरशीवर कापडाची सळसळ झाली. मालन कुशीवर वळत होती. वळताना पदर डोक्यावरून घसरला. एरवी तिनं तो आधी सावरला असता, बाकीचं मग. तिनं तो घसरू दिला. हातांवर जोर दिला आणि गुडघ्यांवर आली. आणि थोरल्या दिरासमोर, भर दिवसा, घरच्या सोप्यात, मालन रांगायला लागली.

आबांनी तोंड दाराकडे फिरवलं. बघायचं नाही म्हणून. बाईचा आब राखायचा म्हणून.

ती रांगत खुर्चीपाशी आली आणि थांबली. आता हात कुठं ठेवणार? खुर्चीवर आबा बसले होते.

अंजिरानं तोंडावर पदर धरला. ती हसत होती की काय कोण जाणे. अधिक म्हणाला, “आबा, जरा…”

मालननं इकडे-तिकडे पाहिलं. शेळी दाराबाहेर होती. घरात लहान पोर नव्हतं. ज्याच्याकडे बघून आबांना निरोप देता येईल असं सोप्यात कुणीच नव्हतं. तिनं मान वर केली.

“आबा,” ती म्हणाली, “खुर्ची सोडा.”

आवाज मोठा नव्हता. पण आबांनी असं दचकून पाहिलं की काठी हातातून सुटली. सासुरवास भोगायला ह्या घरात आलेली पोर, तिचे केस पांढरे झाले, आणि तिचा आवाज ते पहिल्यांदा थेट स्वतःला मारलेल्या हाकेत ऐकत होते.

“मला?” आबा म्हणाले.

“तुमालाच. मला उठायचं हाय.”

आबांनी खुर्चीच्या कडा धरल्या आणि उठायला गेले. अर्धे उठले आणि परत बसले. पुन्हा गेले, पुन्हा बसले. तेव्हा आम्हा सगळ्यांना कळलं की आबा कट्ट्यावरून का लवकर उठत नाहीत, सोफ्याला का भितात आणि लग्नकार्यात पहिल्या पंगतीला का बसत नाहीत.

“काठी द्या,” आबा म्हणाले. अधिक काठी उचलायला वाकला.

“काठी नगं,” मालन म्हणाली. ती अजून गुडघ्यांवर, हात फरशीवर टेकलेले, तोंड आबांच्या पायांसमोर. “पाय मागं घ्या. आजून मागं. खुर्चीखाली.”

आबांनी पाय मागे घेतले.

“आता फुडं वाका. घाबरू नगा, मी हाय खाली. नाक अंगठ्याच्या फुडं येऊ द्या.”

“नाक?”

“नाक. आन् श्वास कोंडू नगा. सोडा त्यो. भारा उचलताना सोडत होता तसा.”

आबा वाकले. त्यांच्या छातीतून हूं असा आवाज आला, आणि ते उभे राहिले. कुणाला न धरता. उभे राहून ते स्वतःच्या पायांकडे बघत राहिले, जणू ते पाय त्यांनी आताच कुणाकडून तरी घेतले होते.

“बाजूला सरका आता,” मालन म्हणाली.

आबा सरकले.

तिनं खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही तळवे टेकले. उजवा पाय पुढे घेतला. आम्ही कुणीच श्वास घेत नव्हतो, तिनं मात्र घेतला. पुढे वाकली. तिला सावरायला मी पुढे होणार होते, पण अंजिरानं माझं मनगट धरलं. मालनच्या ओठांतून हवा सुटली आणि ती वर आली. आधी वाकलेली, मग सरळ, मग पुरती उभी. एक हात खुर्चीवर, मग तोही सोडला.

पदर खांद्यावर पडला होता. तिनं तो उचलला. डोक्यावर घेतला नाही, खांद्यावरच नीट केला. मग वळली आणि आबांच्या समोर त्याच खुर्चीवर बसली.

“आता बघ,” अधिकला म्हणाली.

हात छातीवर दुमडून ती उठली. परत बसली.

अधिक भिंतीला टेकून उभा होता. “मी खुर्चीवरनं म्हणलं होतं,” तो म्हणाला. “खालनं न्हवतं म्हणलं.”

“खालनंबी येतंय,” मालन म्हणाली.

“दिसलं.”

“मग?”

“मग काय. मी एकटाच जातो परत.”

“शब्द?”

“किती येळा देऊ आई? दिला.”

अंजिरा आता उघड उघड हसायला लागली. “आन् मी उद्या म्हणत म्हणत चैत घालवला,” म्हणाली.

आबा अजून उभेच होते. बसायला सोफ्याशिवाय काही नव्हतं. त्यांनी काठी घेतली, पण तिच्यावर रेलले नाहीत. शेळीकडे वगैरे न बघता, सरळ मालनकडे बघून म्हणाले, “सूनबाई, हे तुमचं सकाळी किती वाजता असतं?”

“उन्हं आल्यावर,” मालन म्हणाली. “पर आबा, तिथं आमी सगळ्या खुर्चीवर बसतो. चालत आसंल तर या.”

आबा हसले. त्यांना मागे दात उरले नव्हते हे मला त्या दिवशी कळलं, इतकं मोठं हसणं त्यांनी गावाला कधी दाखवलं नव्हतं. “चालंल की,” म्हणाले. “मला कोण उठवणार न्हाई तर?”

मालन त्यानंतर मदुराईला गेली ती नातीच्या लग्नाला, चार दिवसांसाठी, जायचं-यायचं तिकीट काढून. त्या घरातच ती राहिली, आणि पुढं कितीतरी वर्षांनी गेली ती त्याच घरातून, तिच्या अंथरुणात, झोपेत.

पण त्या दिवशी चहा फळीवर निवून गेला होता. मालनला उठायची सवय, ती उठणार होती. मग खुर्चीच्या कडेवर ठेवलेला हात तिनं काढून घेतला.

“अधिक,” म्हणाली, “च्या थंड झालाय. तूच ठेव दुसरा. मी बसलेय.”

अधिकनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा आबांकडे. मग ताटली उचलून आत गेला. भांडी वाजली. काडी ओढल्याचा आवाज आला.

“आई, साखर कुठाय?”

“वरच्या फळीवर. डब्यामागं.”

मग तो आतूनच म्हणाला, “एवढ्या वर? तुझा हात पोचतो?”

“पोचतो,” मालन म्हणाली.

“मग ऱ्हाऊ दे तिथंच,” अधिक म्हणाला, आणि डबा उघडल्याचा आवाज आला.